शेकडा दोन

माणसाने म्हातारपणी ज्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नये, त्यांत नातवंडांची यंत्रे ही पहिली, असे माझे गेल्या दिवाळीपर्यंत प्रामाणिक मत होते. पस्तीस वर्षे मी पोलादपुरात मुलांना गणित शिकवले, ते खडू, फळा आणि लॉगॅरिथमची जीर्ण कोष्टके एवढ्या भांडवलावर. पाढे पाठ असलेल्या माणसाला बटणे कशाला हवीत, असा एक गणितमास्तरी अहंकार माझ्या अंगी मुरलेला होता. तो कसा उतरला त्याची ही हकीगत आहे. ती सांगताना थोडी लाज वाटते. पण दिवाळीच्या स्वच्छतेत माळ्यावरची अडगळ जशी अंगणात आणावी लागते, तशी मनातलीही कधीतरी आणावी.

2024 सालच्या दिवाळीला नात पुण्याहून महाडला आली ती एक काळपट यंत्र घेऊन. ती कसल्याशा सी.एफ.ए. नावाच्या परीक्षेला बसते आहे. त्या परीक्षेत दोनच जातींची गणकयंत्रे न्यायला परवानगी असते म्हणे. तिचे होते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे बी.ए. टू प्लस. फराळाच्या ताटाशेजारी ते पडलेले पाहून मी सहज म्हणालो, "चकली गोल का होते ते सांगतं का गं हे?"

"ते नाही सांगत आजोबा," ती म्हणाली, "पण कुणी तुम्हांला एक दर सांगून दुसराच लावला, तर तो पकडून देतं."

मग तिने मला दाखवले. दोनच्या आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक खूण आहे. आधी 'सेकंड'चे बटण आणि मग हे दोनचे बटण दाबले की यंत्र तीन गोष्टी पुढे करते. पहिली 'नॉम', म्हणजे नावाचा दर, कागदावर लिहिलेला. दुसरी 'ईएफएफ', म्हणजे वर्षअखेर खरोखर पदरात पडणारा किंवा पदरातून जाणारा दर. आणि तिसरी, वर्षातून किती वेळा व्याज मुद्दलात मिसळायचे तो आकडा. पहिला आणि तिसरा आकडा तुम्ही भरायचा, मधला यंत्र सांगते.

मी बारा टक्के भरले. वर्षातून एकदाच व्याज धरले तर बाराच. सहा महिन्यांनी धरले तर 12.36. तिमाही 12.55. दरमहा 12.68. रोज धरले तर 12.75. पुढे क्षणाक्षणाला धरले तरी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत 12.75 च. हा अखेरचा प्रश्न, की व्याज जर अखंड मिसळत राहिले तर रुपया कुठवर वाढेल, 1683 साली याकोब बेर्नुली ह्या गणितज्ञाने स्वतःला विचारला होता; आणि शेकडा शंभरच्या दराने एका रुपयाचे वर्षात दोन रुपये एकाहत्तर-बहात्तर पैशांच्या पलीकडे कधीच काही होत नाही हे त्यातूनच पुढे आले. हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. 'चक्रवाढ व्याज' हा पाठ मी पस्तीस वेळा शिकवला आहे. पण बारा हा आकडा जागचा न हलता त्याच्या पोटातून निरनिराळे आकडे बाहेर पडताना मी प्रथमच पाहत होतो. एखाद्या सभ्य गृहस्थाला पाच निरनिराळ्या घरांत पाच निरनिराळ्या वर्तनांत पाहावे, तसे झाले.

इतक्यात शेजारचे भांड्यांचे दुकानदार फराळाला आले. 22 जुलै 2021 च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले त्याला तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती, पण ह्या गावात कुठलीही गोष्ट अजून 'पुराच्या आधी' की 'पुरानंतर' ह्यावरूनच सांगितली जाते. पुरानंतर त्यांनी दुकान उभे करायला एक लाख रुपये उचलले होते. "दर चांगला मिळाला होता. फ्लॅट बारा टक्के," ते म्हणाले. दोन वर्षांचे व्याज चोवीस हजार आधीच मुद्दलात घालून चोवीस हप्ते, दर हप्ता 5,167 रुपये.

नातीने बटणे दाबली आणि माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे. गोम उघड होती. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल थोडे थोडे परत जात होते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर घेतले होते. घटत्या मुद्दलावर हिशेब धरला तर नावाचा दर साडेएकवीसच्या वर निघत होता. आणि तो दरमहाचा म्हणून खरा दर काढला तर पावणेचोवीसच्याही पुढे. बारा म्हणून घरात आलेला पाहुणा चोवीस होऊन बाहेर पडला होता.

दुकानदारांनी चहाचा घोट घेतला. "फेडून झालंय मास्तर," ते हसून म्हणाले. "फेडलेल्या कर्जाचा हिशेब आता कळून करायचं काय?"

ते गेले, पण हा प्रश्न काही गेला नाही. कारण आमच्या घरातही फेडलेल्या एका कर्जाचा हिशेब राहिला होता. छप्पन्न वर्षे राहिला होता.

1958 साली माझ्या आत्याचे लग्न झाले. आमचे गाव पोलादपुराच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या काठी. भाताची चार खाचरे, दोन भाऊ आणि धाकटी बहीण एवढा संसार. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते गावी शेती पाहत. काका मुंबईला गिरणीत. लग्नासाठी अण्णांनी नदीकाठचे सर्वांत चांगले खाचर लिहून देऊन एका सावकाराकडून हजार रुपये घेतले. दर शेकडा दोन.

शेकडा दोन म्हणजे शंभर रुपयांना दरमहा दोन रुपये, हे त्या काळी कुणाला समजावून सांगावे लागत नसे. व्याजाचा दर महिन्यावर सांगण्याची ही चाल आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. शेकडा पाच दरमहा ह्या दराने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती? उत्तर सव्वासहाशे. व्याज 375, म्हणजे वर्षाचे साठ टक्के सरळ व्याज. भास्कराचार्यांच्या ह्या सावकाराने व्याजावर व्याज धरलेले नाही. तो दरमहा व्याज मुद्दलात मिसळता, तर त्याच सव्वासहाशेचे वर्षाअखेर 1,122 झाले असते आणि साठाचे जवळजवळ ऐंशी टक्के. पण सगळेच सावकार 'लीलावती'तले नसतात.

दोघा भावांनी ठरवले, मुद्दल जमेल तेव्हा फेडू, व्याज मात्र वर्षाच्या वर्षाला चुकते करू. हजारावर शेकडा दोन, म्हणजे वर्षाचे 240 रुपये. काकांनी मुंबईहून दर दिवाळीला 120 ची मनिऑर्डर करायची, अण्णांनी भात विकून 120 घालायचे आणि पाडव्याला सावकाराकडे 240 रुपये पोचते करायचे. असे दहा वर्षे चालले. 1968 च्या दिवाळीत काका स्वतः गावी आले ते हजार रुपये गाठीला बांधून. खाचर सोडवायचे म्हणून.

सावकाराच्या ओटीवरून दोघे भाऊ परत आले तो दिवस मला आठवतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. सावकाराने देणे सांगितले होते 1,489 रुपये.

काका अंगणात उभे राहिले आणि त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर कोळशाने हिशेब मांडला. मुद्दल एक हजार. वर्षाचे व्याज 240. दर वर्षी 240 दिले तर बाकी एक हजार. दहा वर्षांनीही एक हजार. हिशेबात कुठेही चूक नव्हती. मग त्यांनी अण्णांना विचारले, "दादा, चारशे एकोणनव्वद रुपये कुठे गेले?"

अण्णा म्हणाले, "मी दर पाडव्याला दिले रे."

ह्यापलीकडे त्यांना काही सांगता आले नाही. ते चौथीपर्यंत शिकलेले होते. काका आपले हजार रुपये घेऊन दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने मुंबईला गेले, आणि पुन्हा गावी आले नाहीत. खाचर सावकाराच्या नावावर झाले. आत्या त्या भाऊबिजेला माहेरी आली ती एकाच भावाला ओवाळून, रडत परत गेली. आपल्या लग्नापायी हे झाले असे तिने मनाशी धरले ते कायमचे. काका 1991 साली वारले, अण्णा 1996 साली. चारशे एकोणनव्वद रुपये कुठे गेले ते दोघांनाही कळले नाही.

आता माझी गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालो होतो, त्यामुळे जगातले सर्व प्रश्न सूत्राने सुटतात अशी माझी खात्री होती. 1979 च्या सुमाराला एकदा अण्णांजवळ मी हा विषय काढला. त्यांनी ट्रंकेतून एक वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "ही बघ," म्हणाले. मी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणालो, "वही काय बघायची अण्णा? गणित सरळ आहे. वर्षाला चोवीस टक्के, तुम्ही दिले चोवीस टक्के. हजारच राहायला हवेत." आणि मग जे विचारू नये ते विचारले: "एखाद्या वर्षी द्यायचे राहिले होते का?"

त्यांनी वही उचलून परत ट्रंकेत ठेवली. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. ते गेल्यावर ट्रंक महाडच्या घरी आली आणि माळ्यावर चढली. 2021 च्या पुरात खालचे सारे भिजले, माळ्यावरचे तेवढे वाचले.

त्या दिवाळीच्या रात्री, घरातली सगळी झोपल्यावर, मी माळ्यावर चढलो. सत्तर वर्षांच्या माणसाने शिडी चढू नये हा नियम मोडून चढलो. वही सापडली. अण्णांचे अक्षर मोठे, एकेका ओळीवर एकेक नोंद. "दिवाळी पाडवा. 240 दिले." पुढच्या वर्षी तेच. दहाच्या दहा वर्षे. एकही पाडवा चुकला नव्हता. आणि प्रत्येक दोन पाडव्यांच्या मध्ये, सहा महिन्यांवर, आणखी एक ओळ: "अक्षय्य तृतीया. कागद बदलला." पाडव्याच्या ओळीखालीही लहान अक्षरात तेच, "कागद बदलला."

मी नातीचे यंत्र दिव्याखाली घेतले. आधी वर्षातून एकदा व्याज धरून पाहिले. नावाचा दर 24, खरा दर 24. मग मुदत दहा वर्षे, हाती आलेली रक्कम हजार, दर वर्षी दिलेले 240. ह्या यंत्राला हातात आलेला पैसा अधिक आणि हातातून गेलेला उणा असे सांगावे लागते. बाकी निघाली उणे 1,000. म्हणजे काकांचा कोळशाचा हिशेब, आणि माझाही. मग वर्षातून बारा वेळा धरून पाहिले. खरा दर 26.82, बाकी 2,028. हे फार झाले. मग मी तिसऱ्या जागी दोन हा आकडा घातला. एक अक्षय्य तृतीया, एक पाडवा. खरा दर आला 25.44. आणि बाकी आली उणे 1,489.41.

मी बराच वेळ तो आकडा बघत राहिलो.

झाले होते ते असे. अक्षय्य तृतीयेला सहा महिन्यांचे व्याज 120 रुपये होई. ते अण्णा पाडव्याला देणार, पण सावकार त्याच दिवशी ते मुद्दलात घालून 1,120 चा नवा कागद करी. पाडव्याला त्या 1,120 वर पुन्हा सहा महिन्यांचे व्याज, म्हणून देणे 1,254 रुपये 40 पैसे. त्यांतून अण्णांचे 240 वजा करून नवा कागद 1,014 रुपये 40 पैशांचा. पहिल्या वर्षी चौदा रुपये चाळीस पैशांचा फरक. गणपतीला आणलेल्या किरकोळ सामानाएवढा. तो कुणाच्या ध्यानी येणार? दिवाणजी कागद पुढे करी, अण्णा सही करीत. कागदावर रक्कम किती घातली ते वहीत कुठेच नाही. त्या चौदा रुपयांवर पुढे व्याज, त्या व्याजावर व्याज. दहा वर्षांत त्यांचे 489 झाले. हजार रुपयांपोटी 2,400 भरून देणे दीडपटीला जाऊन टेकले. साडेतीन मुहूर्तांपैकी दीड मुहूर्त सावकाराने आपल्या कामी लावले होते. आणि त्यांतल्या एकाचे नावच 'अक्षय्य', कधी न सरणारे.

चोवीस आणि पंचवीस चव्वेचाळीस. फरक दीड टक्क्याहूनही कमी. तेवढ्या फटीतून एक खाचर गेले आणि एक भाऊ गेला.

गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, ह्यात खोटे कुणीच बोलले नव्हते. काकांचा हिशेब बरोबर होता. अण्णांनी पैसे दिले होते. सावकाराच्या प्रत्येक कागदावर 'शेकडा दोन' हेच लिहिलेले असणार. 'चक्रवाढ' हा शब्द त्याला कधी लिहावाच लागला नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने ऋणकोला दामदुपटीचे संरक्षण दिले होते. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करायचे नाही, असा तो नियम. मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो मानीत. पण कागद बदलला की कालचे व्याज आजचे मुद्दल होते, आणि नियम बिचारा नव्या कागदापाशी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. दर सांगणे आणि दर कितीदा धरणार ते सांगणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आम्हां सर्वांना ठाऊक होती. दुसरी फक्त अण्णांनी लिहून ठेवली होती, आणि ती मी वाचली नाही.

पैशाच्या बाबतीत आमचा महाड तालुका तसा अडाणी नव्हे. रायगडाच्या पायथ्याकडे नाते म्हणून गाव आहे. तिथे 1896 साली चिंतामणराव देशमुख जन्मले, आणि 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1927 च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी चार वर्षे, 1923 साली, रुपयाच्या प्रश्नावरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध करून चुकले होते. रुपयाचे एवढे मोठे जाणकार ज्या मातीवरून चालले, तिथेच चौदा रुपये चाळीस पैशांचा उलगडा व्हायला छप्पन्न वर्षे लागली. चिंतामणरावांच्या त्याच रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी एक परिपत्रक काढले. त्याप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि लहान उद्योगांच्या नव्या कर्जांवर ऋणकोला एक सोपे पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व खर्च धरून कर्जाचा वार्षिक दर काय पडतो तो एका आकड्यात लिहावा लागतो. नातीने हे सांगितले तेव्हा मला वाटले, अण्णांच्या हाती असे एखादे चिटोरे पडते तर! पण मग वाटले, चिटोरे तर होते. अण्णांच्याच अक्षरात होते. ते कुणी वाचायचेच नाही असे ठरवले, तर रिझर्व्ह बँक तरी काय करणार?

भाऊबिजेला मी वही आणि यंत्र पिशवीत घालून पोलादपूरला आत्याकडे गेलो. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. दोन्ही भाऊ गेल्यापासून ती चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्यांनी तसे करावे अशी आपल्याकडे रीत आहे. ओसरीवर बसून मी तिला सारे सांगितले. दर, कागद, तृतीया, पाडवा. टक्क्यांचे तिला फारसे कळले नसावे. तिने एवढेच विचारले, "मग ते चारशे एकोणनव्वद दादाकडे नव्हते?"

"नव्हते आत्या."

"आणि धाकट्याने विचारलं तेही खोटं नव्हतं?"

"खोटं नव्हतं. त्याचाही हिशेब बरोबर होता."

ती काही बोलली नाही. वही हातात घेऊन तिने अण्णांच्या अक्षरावरून बोट फिरवले. तिला वाचता येते, पण आता दिसत नाही. मला दुकानदारांचा प्रश्न आठवला. फेडलेल्या कर्जाचा हिशेब कळून करायचे काय? मी महाडला परत जाईन तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे ते मला अजून नीट सुचले नव्हते.

संध्याकाळी आत्या ताम्हन घेऊन अंगणात आली. पश्चिमेला द्वितीयेची बारीक कोर होती. ताम्हनात दर वर्षी एकच सुपारी असते असे सूनबाई मागाहून म्हणाल्या. त्या दिवशी दोन होत्या, एकमेकींना टेकवून ठेवलेल्या. तिने ओवाळले, आणि मग ताम्हन माझ्याकडे वळवून म्हणाली, "तूही वाक रे जरा. दादासमोर वाकायचं राहिलंय तुझं."

मी वाकलो.